पुतळ्यांची टर उडवणाऱ्या लेखकाचाच ब्राँझचा पुतळा उभा राहिला, त्याची गोष्ट

लंडनमध्ये थेम्स नदीला लागून चेल्सी नावाचा भाग आहे. तिथल्या नदीकाठच्या छोट्या बागेत एक म्हातारा खुर्चीत बसलाय. अंगात पायघोळ कोट, चेहऱ्यावर दाढी, खुर्चीखाली पुस्तकांची चळत. घोडा नाही, तलवार नाही, लोकांकडे उगारलेला हात नाही. १८८२ पासून तो तिथंच बसून आहे, कारण तो ब्राँझचा आहे.

या म्हाताऱ्याचं नाव थॉमस कार्लाइल. स्कॉटलंडचा लेखक, इतिहासकार आणि तिखट लेखणीचा उपहासकार.

गंमत अशी की हा पुतळा बसायच्या ३२ वर्षं आधी याच कार्लाइलने इंग्लंडच्या पुतळेवेडावर एक आख्खी पुस्तिका लिहिली होती आणि भल्याभल्यांची सालटी काढली होती. एखादा समाज कुणाला मान देतो त्यावरून तो समाज कसा आहे हे ओळखावं, असं त्याचं म्हणणं होतं.

मग कार्लाइलचा पुतळा उभारणारे लोक कसे होते? तो स्वतः या मानाच्या लायकीचा होता का? आणि या सगळ्याचा मुंबईच्या काळा घोड्याशी आणि पुण्यातल्या बाबासाहेबांच्या एका भाषणाशी काय संबंध? सुरुवातीपासून बघू.

गवंड्याचा पोरगा ते लंडनचा लेखक

कार्लाइलचा जन्म ४ डिसेंबर १७९५ चा. स्कॉटलंडच्या दक्षिणेला एकलफेकन नावाचं गाव आहे, तिथला. वडील गवंडी. घरात धर्म कडक आणि पैसा कमी. पोरगा हुशार निघाला, म्हणून १८०९ साली, वयाची चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच त्याला एडिंबरा विद्यापीठात धाडलं. गाडीभाड्याचा प्रश्नच नव्हता. शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर तो चालत गेला.

पुढे मास्तरकी करून झाली, जर्मन पुस्तकांची भाषांतरं करून झाली. १८२६ मध्ये जेन वेल्शशी लग्न झालं. काही वर्षं दोघं एका आडबाजूच्या शेतघरात राहिले. तिथं बसून त्याने जे पुस्तक लिहिलं, त्यानेच त्याला उपहासकार म्हणून ओळख दिली. पुस्तकाचं नाव ‘सार्टर रिसार्टस’. लॅटिन नाव आहे, अर्थ साधारण असा की ‘शिंप्यालाच पुन्हा शिवून काढलं’.

पुस्तकात एक काल्पनिक जर्मन प्रोफेसर आहे. त्याने कपड्यांचं तत्त्वज्ञान मांडणारा एक जाडजूड ग्रंथ लिहिलाय आणि एक बिचारा इंग्रज संपादक तो ग्रंथ वाचकांना समजावून सांगायचा प्रयत्न करतोय, अशी ही रचना. प्रोफेसरचं आडनाव टॉयफेल्सड्रोक. जर्मन भाषेत जवळपास याच उच्चाराचा एक शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ सैतानाची विष्ठा, आणि तो शब्द ज्या पदार्थासाठी वापरतात तो पदार्थ म्हणजे आपल्या फोडणीतलं हिंग! म्हणजे मराठीत सांगायचं तर हे प्रोफेसर हिंगांचं तत्त्वज्ञान.

पण विनोदाच्या आत मुद्दा गंभीर होता. राजाचा झगा, न्यायाधीशाचा डगला, धर्मगुरूची वस्त्रं काढून घेतली की खाली उरतं काय? समाजातल्या संस्था आणि पदव्यासुद्धा एक प्रकारचे कपडेच आहेत. जुने झाले, फाटले की बदलावे लागतात, असं तो सांगत होता. १८३३-३४ मध्ये हे लिखाण लंडनच्या फ्रेझर्स मॅगझिनमध्ये हप्त्याहप्त्याने आलं तेव्हा बऱ्याच वाचकांना कळेना की हे खरं आहे की थट्टा. पुस्तकरूपात ते आधी अमेरिकेत, १८३६ साली बोस्टनमध्ये निघालं. त्यामागे अमेरिकन विचारवंत इमर्सनची खटपट होती.

१८३४ मध्ये जोडपं लंडनला आलं आणि चेल्सीतल्या चेनी रो या गल्लीत राहू लागलं. तिथं त्याने फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहायला घेतला. पहिल्या खंडाचं हस्तलिखित मित्राला वाचायला दिलं. मित्र म्हणजे विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल. १८३५ च्या मार्चमध्ये मिल घाबराघुबरा होऊन दारात उभा राहिला. मोलकरणीने रद्दी समजून ते कागद चुलीत घातले होते. दुसरी प्रत नव्हती. कार्लाइलने आख्खा खंड पुन्हा लिहून काढला आणि १८३७ मध्ये पुस्तक आलं. त्याने तो खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाला.

हे मिल नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेल्वेसम्राटाचा पुतळा आणि कार्लाइलची पुस्तिका

१८४० च्या दशकात ब्रिटनला रेल्वेचं वेड लागलं होतं. जो तो रेल्वे कंपन्यांचे शेअर घेत होता. या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस जॉर्ज हडसन. लोक त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणायचे. त्याच्यामुळे पैसा मिळतोय म्हटल्यावर त्याचा पुतळा उभारायची टूम निघाली आणि वर्गणीचा आकडा सुमारे २५ हजार पौंडांवर गेला. त्या काळात ही प्रचंड रक्कम होती.

आणि १८४९ मध्ये फुगा फुटला. कंपनीच्या भांडवलातूनच लाभांश वाटलेत, शेअरच्या व्यवहारांत घोळ आहे, असं चौकशीत बाहेर आलं. काल उदो उदो करणारे आज शिव्या द्यायला लागले. पुतळ्याची योजना गुंडाळली गेली.

१८५० मध्ये कार्लाइलने एकेका विषयावर पुस्तिका काढायचा सपाटा लावला होता. त्यातल्या एका पुस्तिकेचं नावच ‘हडसनचा पुतळा’. त्याचा सूर असा होता की पुतळा रद्द कशाला करता? तुम्ही ज्याची खरोखर पूजा करता तो देव हाच तर आहे! शेंदूर फासायला दगड तुम्हीच निवडलात, मग आता लाजता का?

याच पुस्तिकेत तो ऑलिव्हर क्रॉमवेलचा विषय काढतो. राजाला हटवून इंग्लंडवर राज्य केलेल्या या माणसावर कार्लाइलची श्रद्धा होती. १८४५ मध्ये त्याने क्रॉमवेलची पत्रं आणि भाषणं संपादित करून छापली होती. या क्रॉमवेलच्या पुतळ्यासाठी लोकांचं एकमत होत नाही आणि शेअरवाल्यासाठी मात्र थैल्या सुटतात, यावर त्याचा राग होता. शहरात जे पुतळे उभे राहतायत ते दिसायला कुरूप आहेत आणि ज्यांचे आहेत ते लोकही तसलेच, असं त्याचं मत होतं.

थोडक्यात, पुतळा हा ज्याचा आहे त्याच्याबद्दल कमी आणि ज्यांनी उभारला त्यांच्याबद्दल जास्त बोलतो. आज एखाद्याचा फोटो प्रोफाइलला लावताना किंवा कुणाचा बॅनर शेअर करताना हा मुद्दा आठवून बघा.

मग त्याचा पुतळा कुणी केला?

शिल्पकाराचं नाव जोसेफ एडगर बोहम. जन्म १८३४ चा, व्हिएन्नाचा. वडील तिथल्या शाही टांकसाळीचे प्रमुख. १८६२ मध्ये तो लंडनला स्थायिक झाला आणि थोड्याच काळात राणी व्हिक्टोरियाचा आवडता शिल्पकार बनला. १८८७ च्या नाण्यांवरचा राणीचा मुखवटा त्याचाच.

आता मुंबईकरांनी इकडे लक्ष द्या. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे नंतरचा राजा सातवा एडवर्ड, भारतात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी मुंबईला एक अश्वारूढ पुतळा भेट दिला. १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला. ब्राँझ काळपट, म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं काळा घोडा. वर बसलेला युवराज लोकांच्या खिजगणतीतही नव्हता! तो पुतळा करणारा हाच बोहम.

म्हणजे काळा घोडा घडवणाऱ्या हातांनीच कार्लाइल घडवला. पण दोन्ही कामांत फरक किती. युवराज घोड्यावर, उंच चौथऱ्यावर. कार्लाइल मात्र घरात बसल्यासारखा, रोजच्या कोटात. ज्याने आयुष्यभर कपड्यांच्या तोऱ्याची थट्टा केली, त्याला रोमन झगा घातला असता तर हसूच झालं असतं.

बोहमने हे शिल्प १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ठेवलं. कलासमीक्षक जॉन रस्किनने त्याचं कौतुक केलं. तेव्हा कार्लाइल ८० वर्षांचा होत होता. आदल्याच वर्षी पंतप्रधान डिझरायलीने देऊ केलेला मोठा किताब आणि पेन्शन त्याने नाकारली होती. ५ फेब्रुवारी १८८१ ला तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायची तयारी होती, पण त्याच्या इच्छेनुसार त्याला एकलफेकनला आईवडिलांशेजारी पुरलं. मग वर्गणी काढून ब्राँझचा पुतळा त्याच्या चेल्सीतल्या घराजवळच बसवला. २६ ऑक्टोबर १८८२ ला अनावरण केलं ते शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी. शाळेत शिकलेला ‘टिंडल परिणाम’ आठवतोय? तेच टिंडल.

एका चेहऱ्याच्या इतक्या प्रती कशा निघतात?

हे कळायला ब्राँझचं काम कसं चालतं ते बघावं लागेल. शिल्पकार आधी मातीत काम करतो. समोर माणूस बसलेला असतो आणि माती ओली असेपर्यंत गाल, भुवया, ओठ बदलता येतात. माती टिकत नाही, म्हणून तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात आणि त्यातून प्लास्टरची प्रत काढतात. ही प्रत म्हणजे मूळ नमुना. तो ओतशाळेत जातो.

तिथं या नमुन्यावरून वाळूचा साचा करतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही पद्धत जास्त चालायची. दुसरी पद्धत मेणाची. त्यात मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी धातू बसतो. साच्याच्या आत एक गाभा ठेवतात, म्हणजे पुतळा भरीव न होता पोकळ निघतो. तांब्यात थोडं कथील घालून केलेला रस साधारण हजार अंश सेल्सिअसला ओततात. थंड झाल्यावर तुकडे जोडायचे, छिन्नी आणि कानस मारून सांधे बुजवायचे आणि शेवटी रसायनं लावून रंग आणायचा. काळपट किंवा हिरवट झाक असते ती यातून आणि पुढे हवापाण्यामुळे येते.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की प्लास्टरचा नमुना हातात असला की दुसरी प्रत काढता येते. पूर्णाकृती, अर्धपुतळा, नुसता चेहरा, हवं ते. म्हणूनच बोहमचा कार्लाइल एका जागी राहिला नाही. एडिंबऱ्याच्या स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तो संगमरवरात बसलाय. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याचा भाजक्या मातीचा अर्धपुतळा आहे. १९२९ मध्ये चेल्सीच्या पुतळ्याची प्रत त्याच्या जन्मगावी, एकलफेकनलाही उभी राहिली.

इतर शिल्पकारांनीही त्याला घडवलं. स्टर्लिंगजवळच्या वॉलेस स्मारकात ‘हॉल ऑफ हीरोज’ नावाचं दालन आहे. तिथं स्कॉटलंडच्या थोरांचे संगमरवरी अर्धपुतळे ओळीने ठेवलेत, त्यात कार्लाइल आहे. या दालनात शंभरहून जास्त वर्षं एकही बाई नव्हती. पहिल्या दोन स्त्रियांचे पुतळे आले ते २०१९ मध्ये.

पुतळ्यांवर चिडणारा, पण चेहऱ्यांवर जीव असणारा

इथं कुणी म्हणेल, पुतळ्यांची टर उडवणाऱ्याला चेहरा घडवून घ्यायची हौस कशी? तर कार्लाइलचा राग पुतळ्यांवर नव्हता, चुकीच्या माणसांच्या पुतळ्यांवर होता. इतिहास लिहायला बसण्याआधी तो त्या माणसाचं खरं चित्र शोधायचा. चेहरा बघितल्याशिवाय माणूस कळत नाही, अशी त्याची समजूत होती. १८५४ मध्ये त्याने स्कॉटलंडमधल्या ऐतिहासिक व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरवा अशी सूचना केली. १८५६ मध्ये लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तो तिचा विश्वस्त झाला.

आजही त्या गॅलरीच्या मूळ दारावर तीन अर्धपुतळे आहेत. अर्ल स्टॅनहोप, कार्लाइल आणि मेकॉले. हो, भारतात इंग्रजी शिक्षण आणण्याच्या १८३५ च्या टिपणामुळे आपल्याला माहीत असलेला तोच मेकॉले.

आता या म्हाताऱ्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कार्लाइल आवडायला लागला असेल, तर थांबा.

१८४९ मध्ये त्याने फ्रेझर्स मॅगझिनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या कृष्णवर्णीय लोकांवर एक लेख लिहिला. ब्रिटनने गुलामी कायद्याने बंद करून तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. कार्लाइलचं म्हणणं होतं की मुक्त झालेले लोक काम करत नाहीत, त्यांना सक्तीने कामाला लावलं पाहिजे. भाषा उपहासाची होती, पण या वेळी उपहास राजावर किंवा शेअरवाल्यावर नव्हता. ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते त्यांच्यावर होता. १८५३ मध्ये हाच लेख त्याने आणखी शिवराळ शीर्षकाने पुन्हा छापला. इंग्रजीत अर्थशास्त्राला ‘उदास शास्त्र’ म्हणतात, ते बिरुदही याच लेखातून आलं.

त्याला लगेच उत्तर दिलं ते जुन्या मित्राने, जॉन स्टुअर्ट मिलने. १८५० मध्ये, त्याच मासिकात.

दोघे पुन्हा समोरासमोर आले ते जमैकावरून. १८६५ मध्ये जमैकातल्या मोरांट बे इथं उठाव झाला. गव्हर्नर एडवर्ड आयरने तो चिरडला, त्यात चारशेहून जास्त कृष्णवर्णीय मारले गेले. आयरवर खटला भरावा म्हणून मिलने मोहीम चालवली. चार्ल्स डार्विन त्याच्या बाजूने होते. आयरला वाचवायला दुसरी समिती निघाली, तिच्या पुढाऱ्यांत कार्लाइल होता. रस्किन, डिकन्स, टेनिसन हे मोठे लेखक त्या बाजूला उभे राहिले. पुतळ्याचं अनावरण करणारे टिंडलसुद्धा.

म्हणजे पुतळा घडला तेव्हा त्याचं कौतुक करणारे रस्किन आणि अनावरणाला उभे असलेले टिंडल, दोघंही जमैकाच्या वादात त्याच्याच बाजूचे. कार्लाइलची कसोटी कार्लाइललाच लावली तर काय दिसतं? ज्या इंग्लंडने त्याला मान दिला, त्याला चारशे मृत्यू आड येण्याइतके मोठे वाटले नव्हते.

पुढची गोष्ट आणखी अंगावर येणारी आहे. १८४१ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत कार्लाइलने मांडलं होतं की जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांचा इतिहास, आणि सामान्यांनी थोर माणूस ओळखून त्याच्या मागे जावं. त्याने प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचं सहा खंडी चरित्रही लिहिलं. १९४५ मध्ये बर्लिन पडत असताना गोबेल्स हेच चरित्र हिटलरला वाचून दाखवत होता. पुस्तक कुणाच्या हातात जाईल हे लेखकाच्या हातात नसतं हे खरं, पण हे पुस्तक त्यांना का आवडलं, हा प्रश्न उरतोच.

१९१४ मध्ये तर त्याच्या चित्रावर थेट घाव पडले. जुलै महिन्यात नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत एका बाईने कोयता काढून मिलेने रंगवलेलं कार्लाइलचं चित्र फाडलं. ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली कार्यकर्ती होती. ज्या संस्थेच्या स्थापनेला त्याने हातभार लावला, तिथंच हे घडलं.

पुण्यात बाबासाहेबांनी कार्लाइल का काढला?

१८ जानेवारी १९४३. न्यायमूर्ती रानडे यांची १०१ वी जयंती. पुण्यात गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण झालं. पुढे ते ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने प्रसिद्ध झालं.

थोर माणूस कुणाला म्हणावं, हा त्या भाषणातला एक मोठा प्रश्न. बाबासाहेबांनी त्यात कार्लाइलचा दाखला घेतला. कार्लाइलची कसोटी होती प्रामाणिकपणा. बाबासाहेबांनी ती फेकून दिली नाही, पण पुरेशीही मानली नाही. प्रामाणिकपणाच्या जोडीला बुद्धी हवी आणि त्याहून पुढे, समाज साफ करायचा हेतू हवा, असं त्यांनी मांडलं.

विभूतिपूजेबद्दलही त्यांनी एक रेघ ओढली. एखाद्याबद्दल मनापासून आदर वाटणं वेगळं आणि आपली बुद्धी गहाण टाकून त्याचं ऐकणं वेगळं. पहिल्यात वावगं काही नाही, दुसरं माणसाला खाली नेतं आणि देशाला धोक्यात घालतं.

सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी याच धोक्याचा इशारा दिला. कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. त्यासाठी त्यांनी ज्याचं नाव घेतलं तो विचारवंत होता जॉन स्टुअर्ट मिल. ज्याच्या घरी कार्लाइलचं हस्तलिखित जळालं आणि ज्याने कार्लाइलला जाहीर उत्तर दिलं, तोच.

मग पुतळ्याचं करायचं काय?

मुंबईने बोहमच्या घोडेस्वाराचं उत्तर आपल्या पद्धतीने दिलं. १९६५ मध्ये तो पुतळा फोर्टातून हलवला, आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. नाव मात्र गेलं नाही. २०१७ मध्ये त्याच भागात नवा काळा घोडा उभा राहिला, या वेळी वर कुणीही स्वार नाही.

चेल्सीचा कार्लाइल जागेवरच आहे. जवळच्या त्याच्या घराचं १८९५ मध्ये संग्रहालय झालं, आजही लोक बघायला येतात. ज्याने हडसनच्या भक्तांना आरसा दाखवला तो लेखक आणि ज्याने गुलामीतून सुटलेल्यांची टर उडवली तो लेखक, दोघं एकाच खुर्चीत बसलेत. ब्राँझ ओतताना यातला एक वेगळा काढता येत नाही.

म्हणून पुतळा बघताना दोन प्रश्न सोबत ठेवायचे. हा माणूस कोण होता, आणि याला इथं बसवणाऱ्यांना त्याच्यातलं काय आवडलं होतं? दुसरा प्रश्न विचारायला आपल्याला कार्लाइलनेच शिकवलं. त्याचं उत्तर त्याच्याच पुतळ्याखाली सापडतं, हा या गोष्टीतला सगळ्यात मोठा उपहास.

तुमच्या गावातल्या चौकात कुणाचा पुतळा आहे? तो कुणी, कधी आणि का उभारला, हे एकदा विचारून बघा.